बाप माहा, गाणं त्याचं

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणारा २३ वर्षांचा, बी.ए. झालेला, तालुक्याला ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात कामाला आहे. शाळेपासूनचा त्याचा दोस्त वऱ्हाडीत रॅप करतो. आवाज दोस्ताचा, चेहरा दोस्ताचा, मोबाइल दोस्ताचा आणि शब्द याचे. आजवर सहा गाणी झाली. त्यातलं फवारणीवरचं गाणं चाललं, लाखाच्या वर लोकांनी पाहिलं. गाण्यातल्या बापाच्या डोळ्यात औषध गेलंय. हा बाप खरा आहे, पण तो लिहिणाऱ्याचा. २०१७ च्या हंगामात त्यांची नजर गेली ती पुरती परत आलीच नाही. दोस्ताच्या वडिलांचं मात्र कृषी केंद्र आहे आणि औषधाच्या बाटल्या तिथंच विकल्या जातात. व्हिडिओखाली 'गीत आणि गायन' म्हणून एकट्या दोस्ताचं नाव आहे. आता नागपूरची एक कंपनी हे गाणं आणि पुढची काही गाणी घ्यायला तयार झाली आहे. पोळा झाला की कागदावर सह्या होणार. दोस्त म्हणतो, "रॅपमधी दुसऱ्यानं लिहून देलं असं समजलं तं इज्जत जाते. तुले गाण्यामागं पाच हजार देतो, बाबाच्या उधारीतून वळते करू." एक दिवस वडिलांनी शेजाऱ्याच्या मोबाइलवर ते गाणं ऐकलं आणि मुलाला विचारलं, "हे त्याले कोणं सांगतलं?" मुलगा काहीच बोलला नाही. आता तो विचारतो: काका, व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट टाकून याचं पितळ उघडं पाडू का? की उधारी आणि दोस्ती सांभाळून गप्प बसू? मीच हातानं दिलेल्या शब्दांवर माझा हक्क राहतो तरी का?

बाबू,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्या दोस्ताचा राग आला. दुसऱ्यांदा थोडा तुझाही आला. का, ते पुढं सांगतो.

आधी माझं ऐक. नोकरीत असताना मी मंगलाष्टकं लिहून द्यायचो. नवरदेव, नवरी, दोघांचे मामा, गावचा देव, सगळ्यांना शार्दूलविक्रीडितात बसवायचं. पुरुषोत्तम नावाच्या एका नवरदेवानं माझी अख्खी रात्र खाल्ली होती, काही केल्या तो त्या वृत्तात बसेना. म्हणणारा गडी दुसराच होता. बँडपार्टीत गायचा, आवाज खडा. मला ५१ रुपये आणि लग्नाचं जेवण. एकदा माझ्या सख्ख्या पुतणीच्या लग्नात त्यानं माइकवरून सांगितलं, "ही अष्टकं मी स्वतः रचलेली आहेत." मी हातात अक्षता घेऊन उभा होतो. त्या नवरीवरच टाकल्या, त्याच्यावर नाही, एवढंच. घरी येऊन आठ दिवस धुसफुसलो. त्याला कळायला पाहिजे होतं, असं मला वाटायचं. बायको अजून म्हणते, "तो काय अंतर्यामी होता? सात वर्षांत एकदा तरी तोंड उघडलं होतं का तुम्ही?" नव्हतं उघडलं. तेव्हा मी तुला सांगतोय ते तुझ्याच रांगेत उभं राहून.

आता दोस्ताचं म्हणणं घेऊ. दुसऱ्यानं लिहिलेलं कळलं तर इज्जत जाते, यात तो अगदीच खोटं बोलत नाही. रॅपमध्ये 'मी' हा शब्द फार महाग आहे. सिनेमातला नायक 'मी' म्हणतो तेव्हा त्याच्या मागं गीतकार आहे, गायक आहे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. रॅपर 'मी' म्हणाला की ऐकणारा समजतो, हा स्वतःच्या अंगावरचं सांगतोय. म्हणून तिथं लिहून घेणाऱ्याला टोमणे बसतात. २०१५ मध्ये अमेरिकेत मीक मिल या रॅपरनं ड्रेकवर जाहीरपणे हाच आरोप केला आणि पुढं दोघांत गाण्यांनी चकमक झाली. गंमत अशी की ज्या क्वेंटिन मिलरवरून हा गलका झाला, त्याचं नाव ड्रेकच्या त्या वर्षीच्या काही गाण्यांवर गीतकारांत छापलेलंच होतं. म्हणजे नाव दाबल्याचा तो तंटा नव्हता. लोकांना त्या 'मी'चा हिशेब हवा होता.

पण दोस्त अर्धंच सांगतो. १९८७ मध्ये ईझी-ई हा रॅपर ज्या गाण्यानं पुढं आला, ते 'बॉईझ-एन-द-हूड' आइस क्यूबनं लिहिलेलं. ईझी-ईला तोवर रॅपची सवयच नव्हती. बिझ मार्कीची कितीतरी कडवी बिग डॅडी केननं लिहून दिली आणि ते काही झाकून राहिलं नाही. १९९९ च्या 'स्टिल डी. आर. ई.'मध्ये डॉ. ड्रे स्वतःबद्दलच छाती ठोकून बोलतो, आणि शब्द आहेत जे-झीचे. गाण्यावर जे-झीचं नाव आहे. यातल्या कोणाचं दुकान बंद पडलं नाही. दोस्ताला हे सांग. त्याला खरंच भीती वाटत असेल तर ती थोडी उतरेल, आणि भीतीचं निमित्त असेल तर तेही कळेल.

कॅझची गोष्ट मात्र तू नीट ऐक, कारण ती तुझी आहे. १९७९ मध्ये 'रॅपर्स डिलाइट' आलं, रॅपचं पहिलं मोठं गाजलेलं रेकॉर्ड. ते म्हणणाऱ्या तिघांत बिग बँक हँक होता. हा पिझ्झाच्या दुकानात कामाला होता आणि ग्रँडमास्टर कॅझ या रॅपरचं मॅनेजरपण करायचा. रेकॉर्डिंगची संधी चालून आली तसा तो कॅझकडं गेला. कॅझनं आपली कडव्यांची वही त्याच्यापुढं टाकली, घे काय लागतं ते. हँकनं घेतलं, आणि इतकं जसंच्या तसं घेतलं की कॅझनं 'कॅसानोव्हा' हे स्वतःचं टोपणनाव एकेक अक्षर सुटं करून म्हटलं होतं, तेही बदलायचं त्याला सुचलं नाही. कॅझला नाव मिळालं नाही, पैसाही नाही. त्याचं नाव त्या गाण्यात अजून ऐकू येतं, हँकच्या तोंडून.

तुझ्या ओळी बघ:

तोंडाले दुपट्टा, पाठीले पंप, वारा आला सामोरून;
बाप माहा नोट ओयखते आता बोटाईनं चाचपून.

नोट चाचपणारा बाप गावात एकच आहे, आणि तो कृषी केंद्राच्या गल्ल्यावर बसत नाही. तू लिहिलंस की परगावचा एक शेतकरी दुकानात आला आणि दोस्ताच्या वडिलांना विचारू लागला, "भाऊ, आता डोये कसे हायेत तुमचे?" ते वाचून मी हसलो, मग हसू जागच्या जागी थांबलं. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात काय झालं ते मला तुला सांगायला नको. कपाशी डोक्याच्या वर गेली होती, फवारा तोंडावरच यायचा. शेकडो माणसं दवाखान्यात गेली, काही परतलीच नाहीत. त्या सगळ्यातून तुझ्या वडिलांच्या वाट्याला जे आलं, त्याची सहानुभूती आज औषध विकणाऱ्याच्या घरी पोचते आहे. तुला वाटतं तुझं दुखणं 'गीत' या शब्दापुढं नाव नसण्याचं आहे. मला वाटतं ते या गिऱ्हाइकाच्या प्रश्नाचं आहे.

आणि इथंच मला तुझा राग आला. दोस्तानं तुला विचारून शब्द नेले. तू वडिलांना विचारलं होतंस का?

त्यांची नजर, त्यांची नोट, त्यांचा दुपट्टा. तू ते कधीतरी ओट्यावर बसून पाहिलंस, लिहिलंस आणि व्हॉट्सॲपवर पाठवून दिलंस. त्यांना पहिल्यांदा कळलं ते शेजाऱ्याच्या मोबाइलवरून. "हे त्याले कोणं सांगतलं?" असं त्यांनी विचारलं तेव्हा उत्तर तुझ्यापाशी होतं आणि तू मान खाली घातलीस. तुला टोचावं म्हणून हे बोलत नाही. लिहिणारे सगळेच हे करतात, मीही पुतणीच्या मंगलाष्टकात तिच्या मेलेल्या बापाचं नाव तिला न विचारता घातलं होतं आणि ती बोहल्यावर रडली होती. पण दोस्ताकडं हिशेब मागायला निघण्याआधी तुला घरातून निघावं लागेल. कायदा वडिलांच्या बाजूनं इथं काही बोलत नाही. कायदा शब्दांचा मालक सांगतो, घडलेल्या गोष्टीचा नाही. म्हणून तर ते तुलाच करायचं आहे.

तेव्हा पहिलं बोलणं वडिलांशी. शेतातून आल्यावर, जेवणं झाल्यावर, दोघंच असताना. मोबाइल लावू नको. त्या दोन ओळी तूच म्हणून दाखव आणि सांग, "बाबा, हे मीच लिहिलं." मग थांब. ते रागावतील, किंवा हसतील, किंवा "बरं" म्हणून आडवे होतील. कदाचित म्हणतील, हे गाणं बंद करा. कदाचित म्हणतील, तोच म्हणू दे, तुह्या तोंडून मले ऐकवत नाही. जे म्हणतील ते धरून पुढची पायरी. ते नको म्हणाले तर या गाण्याचा सौदा तुझ्या बाजूनं तिथंच मिटला, मग नागपूरवाले काहीही देवोत.

आता तुझा तिसरा प्रश्न, हक्काचा. इथं मी तुला धीर देऊ शकतो.

शब्द तू रचलेस आणि लिहून काढलेस, त्या क्षणी ते तुझे झाले. त्यासाठी कुठं नोंदणी करावी लागत नाही. करायची तर कॉपीराइट कार्यालयात ऑनलाइन अर्ज करता येतो, आणि फॉर्म भरायला तुला कोणाकडं जायची गरज नाही. रोज लोकांचे भरतोस, एकदा स्वतःचा भर. नोंदणीनं मालकी जन्मत नाही, वाद झाला तर पुरावा हाताशी राहतो इतकंच. तू दोस्ताला शब्द पाठवलेस म्हणजे गायची परवानगी दिलीस, असं कोणीही म्हणेल आणि ते बरोबर आहे. पण परवानगी म्हणजे विक्री नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणं हक्क दुसऱ्याच्या नावावर करायचा तर तो लेखी लागतो आणि त्यावर देणाऱ्याची सही लागते. तू कशावरही सही केलेली नाहीस. म्हणजे दोस्त नागपूरला जे विकायला निघाला आहे, त्यातले तुझे शब्द त्याच्याकडं नाहीतच. हे त्याला बहुतेक माहीत नसेल. कंपनीला माहीत झालं तर कंपनीच आधी तुझी सही मागेल, कारण उद्याचा तंटा तिलाही नको असतो.

पुढची गोष्ट अजून कामाची. उद्या तू शब्द विकलेस, तरी ते तू लिहिलेत असं सांगायचा तुझा हक्क कलम ५७ नं तुझ्याकडंच ठेवला आहे. आणि २०१२ मध्ये कायदा बदलला तेव्हापासून गीतकाराच्या रॉयल्टीचा वाटा करारात लिहून काढून घेता येत नाही. गाणं जिथं जिथं वाजून कमावेल, तिथं हक्क घेणाऱ्याच्या बरोबरीनं गीतकाराचाही वाटा. त्या दुरुस्तीसाठी जावेद अख्तर राज्यसभेत बोलले होते, कारण तोवर सिनेमावाले गीतकाराला एकदा पैसे देऊन मोकळे व्हायचे. तेव्हा "गाण्यामागं पाच हजार, विषय संपला" हे वाक्य कायद्यात संपत नाही. रॉयल्टी गोळा करायला आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची संस्था आहे. गाणं रीतसर बाहेर आलं आणि त्यावर तुझं नाव असलं की तिथं सभासद होता येतं. नाव नसेल तर पैसा तुझ्या दारापर्यंत यायला रस्ताच नाही. म्हणून मी आधी नाव म्हणतो, पैसे मागून.

करारात काय वाचायचं? मुदत आणि मुलूख. किती वर्षांसाठी आणि कुठं, हे लिहिलेलं नसेल तर कायदा पाच वर्षं आणि भारत असं धरतो. म्हणून कंपन्या बहुधा 'कायमचं' आणि 'संपूर्ण जग' असं आधीच छापून आणतात. ते खोडायला सांगता येतं. हो, येतं. पेन घेऊन खोडायचं आणि बाजूला दोघांनी सही करायची.

आणि एक भोक तुमच्या दोघांच्याही लक्षात आलेलं दिसत नाही. तू लिहितोस की बीट, म्हणजे शब्दांमागं वाजणारं संगीत, इंटरनेटवरून "फ्री" म्हणून उतरवलेली आहे. असल्या बहुतेक बीट कमाई नसेल तोवरच फुकट असतात, विकायचं म्हटलं की बनवणाऱ्याकडून परवाना विकत घ्यावा लागतो. तू तुझ्या नावासाठी भांडतोस आणि तिसराच एक पोरगा कुठंतरी बसलाय, ज्याचं संगीत तुम्ही दोघांनी मिळून बिननावाचं वापरलंय. सह्या करण्याआधी त्याचा शोध घ्या.

स्क्रीनशॉट टाकायचं म्हणतोस. टाकू नको. तुझं खोटं आहे म्हणून नाही, तर त्या भांडणात पहिल्यांदा ओढले जातील ते तुझे वडील. "खरंच आंधळा हाय का बुडा?" इथपासून सुरुवात होईल आणि कोणीतरी मोबाइल घेऊन तुमच्या अंगणात येईल. शिवाय स्क्रीनशॉट आजकाल कोणीही बनवतो. पुरावा म्हणून तो लंगडाच. त्यापेक्षा ती अख्खी चॅट एक्सपोर्ट करून स्वतःला ईमेल कर. वहीची खाडाखोड असलेली पानं सांभाळ, खाडाखोड फार बोलकी असते, नक्कल करणाऱ्याच्या वहीत ती नसते. तू चालीत म्हणून पाठवलेले आवाजी मेसेज पुसू नको. हे सगळं पेटीत ठेवायला आहे, भिंतीवर लावायला नाही.

उधारीचं आता. हे मला सगळ्यात नाजूक वाटतं, आणि तू ते पत्रात एका ओळीत उरकलंस. ऐन फवारणीत उधारी तोडायची कोणाचीच हिंमत नसते. कापूस घरात येईतो दुकानदाराच्या वहीतच संसार असतो. पण बघ, तुझा दोस्त काय सुचवतोय. औषधानं डोळे गेले, त्यावर तू गाणं लिहिलंस, आणि त्या गाण्याचे पैसे औषधाच्या उधारीत वळते. मी असा व्यवहार आयुष्यात ऐकला नाही. त्याच्या मनात तसं काही नसेलही, पोरगा साधा असेल, त्याला ती सोय वाटली असेल. तरी तू हो म्हणू नको. उधारी तुझ्या वडिलांची आणि त्याच्या वडिलांची. गाणं तुझं आणि त्याचं. दोन हिशेब दोन वह्यांत राहू देत. दुकानात जाऊन उधारीचा आकडा कागदावर लिहून आण, जुनी पावती असेल तर ताडून बघ, आणि कापूस विकला की त्यातून फेडायचं बोल. गाण्याचे पैसे आले तर तुझ्या खात्यात येऊ दे. मग त्यातून उधारी द्यायची की वडिलांना डोळ्यांच्या डॉक्टरकडं न्यायचं, ते तू ठरव.

दोस्ताशी बोलायचं ते दुकानात नाही, पारावर चारचौघांत तर नाहीच. गाडीवर मागं बसून शेताकडं जा आणि बांधावर बस. काय बोलायचं ते मी तुझ्या बोलीत लिहून देतो, तुझ्याइतकं जमणार नाही:

"हे पाय, गाणं तूच म्हण. माह्या आवाजात तो दम नाही, मले माईत हाय. पण कागदावर अन् व्हिडिओखाली शब्द माहे हायेत हे लिहाले पायजे. बाबाचं गाणं मी इकत नाही. बाकीच्या गाण्याचं काय ते बसून ठरवू."

शेवटची दोन वाक्यं मुद्दाम वेगळी ठेवली आहेत. लिहून देऊन पैसे घेणं यात कमीपणा नाही. सरपंचाचं भाषण, निरोप समारंभाचं मानपत्र, जयंतीचं गाणं, गावोगावी कोणीतरी लिहून देतच असतं आणि चूल पेटते. तुझी बाकीची गाणी, ते बसस्टँडवरचं, ते पोलीस भरतीचं, ती तू विनानावाची द्यायला तयार असशील तर दे, पण मग दर तू सांग आणि दोन ओळींचा कागद कर. फवारणीचं गाणं त्या टोपलीतलं नाही.

दोस्ताला नावाची लाज वाटत असेल तर त्याला आपल्याकडचंच उदाहरण दे. होनाजी बाळा म्हणतो आपण एका दमात, जणू एकच माणूस. ते दोघं होते. होनाजी शिलारखाने लावण्या रचायचा आणि बाळा करंजकर गायचा. पेशवाईपासून आजपर्यंत दोन्ही नावं एकत्र चालली, बाळाचा आवाज कोणी खोटा म्हटला नाही. आपल्या गावातल्या खंजिरी भजनाचं बघ. म्हणणारा कोणीही असो, शेवटच्या कडव्यात 'तुकड्यादास' येतोच, आणि तो आला म्हणून म्हणणाऱ्याचा गळा कमी होत नाही. वामनदादा कर्डकांची गाणी कितीतरी पार्ट्यांनी गायली, पण शेवटी 'वामन' असतोच. तूही शेवटच्या कडव्यात तुझं नाव ओवून टाक ना, म्हणजे व्हिडिओखालचं पुसलं तरी गाण्यातलं पुसता येणार नाही. कॅझचं बघितलंस ना.

हो, पोळ्याच्या झडत्याही आहेत, हे तू म्हणशीलच. तोरणाखाली बैल उभे, एकजण सरकारपासून सावकारापर्यंत सगळ्यांची साल काढतो, 'एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव' म्हणून संपवतो आणि कोणी विचारत नाही की ही झडती कोणाची. खरं आहे. मला तर झडती हाच आपला जुना रॅप वाटतो. पण झडती कोणी नागपूरला नेऊन विकत नाही. ज्या दिवशी विकेल त्या दिवशी तिथंही हा प्रश्न उभा राहील.

दोस्त नाही म्हणाला तर? दोन दिवस जाऊ दे. मग त्याला व्हॉट्सॲपवर साध्या शब्दांत लिही की अमुक गाण्याचे शब्द माझे आहेत, मी ते कोणाला लिहून दिलेले नाहीत, माझ्या सहीशिवाय करार करू नको. शिवी नाही, धमकी नाही. तरीही तो निघालाच तर हेच चार ओळींत कंपनीला ईमेलनं कळव. त्यापुढं जायची वेळ आली तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, उत्पन्न कमी असेल तर वकील फुकट मिळतो, आणि या कायद्यात दावा तू राहतोस त्या जिल्ह्यात लावता येतो, मुंबई-दिल्लीच्या वाऱ्या कराव्या लागत नाहीत. इथवर जाईल असं मला वाटत नाही. सहा गाणी एका मोबाइलवर केलेली पोरं सहसा बांधावरच मिटवतात.

तुझ्या पत्रासारखंच एक पत्र मागं एका मुलीचं आलं होतं. तिचा भाऊ तिच्या कविता 'माझ्या' म्हणून कॉलेजात म्हणायचा आणि घरच्यांना ते ठाऊक होतं. तिला मी तेव्हा नीट उत्तर दिलं नव्हतं. ती हे वाचत असेल तर तिलाही हेच: वही, तारीख आणि एक सरळ वाक्य, वेळेवर. सातव्या वर्षी नाही.

आता एक राहिलं. तू पत्रात म्हणतोस की धृपद त्यानं बसवलं, "पण ते तं दोनच शब्द." चालणारं धृपद दोन शब्दांचंच असतं, बाबू, आणि गाणं लाखाच्या वर गेलं ते बहुतेक त्यावरच. उन्हात उभं राहून शूटिंग त्यानं केलं, पेट्रोल त्याचं, लोकांची टिंगल त्यानं खाल्ली. गाणाऱ्याचा हक्कही कायद्यात वेगळा धरलेला आहे आणि तो त्याचाच. व्हिडिओखाली लिहायचं ते असं लिहा: शब्द तुझे, धृपद आणि आवाज त्याचा, बीट ज्याची असेल त्याची.

बांधावर बोलणं झालं की मला कळव, वडील काय म्हणाले तेही. आणि पुढच्या पत्रात त्याचं ते धृपद लिहून पाठव. स्वतःची चौदा कडवी तू मला हातानं उतरवून पाठवलीस, त्याचे दोन शब्द तेवढे गाळलेस.